विमापत्रांतील आकडा कोणीं घालावा?

खंडेनवमीच्या सकाळीं आपल्या भिवंडी तालुक्यांतील कोणत्याहि गांवीं गेलें तर ट्रॅक्टर धुवून, त्यास झेंडूची माळ घालून, पूजा झालेली दिसते. शेजारीं विळे, कोयते, नांगराचा फाळ, पंपाचें इंजिन, कोठें जुनें मळणीयंत्र, हीं ओळीनें मांडलेलीं असतात. ही रीत आम्हांस प्रिय आहे. परंतु त्याच दिवशीं ट्रॅक्टराचें विमापत्र पेटींतून काढून त्यांत किंमतीचा आकडा कोणता लिहिला आहे हें वाचून पाहणारा शेतकरी आम्हांस क्वचितच भेटला आहे. बहुतेकांस तो आकडा ठाऊकहि नसतो. पहिल्या वर्षीं विक्रेत्यानें कागद करून दिले. दुसऱ्या वर्षीं बँकेनें हप्ता खात्यांतून वळता करून घेतला. पुढें गांवांतला कोणी होतकरू मुलगा फोनवरून स्वस्तांत स्वस्त कागद काढून देऊं लागला. मालक मात्र "विमा आहे" एवढ्या दोन शब्दांवर निश्चिंत झोंपतो.

विमा आहे खरा. पण तो केवढ्याचा, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

आरंभीं एक भ्रम दूर केला पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १४६ अन्वयें सार्वजनिक ठिकाणीं चालणाऱ्या मोटार वाहनाचा तृतीय पक्षाच्या जोखमीपुरता विमा सक्तीचा आहे. १९३९ च्या जुन्या कायद्यांतहि ही सक्ती होती. कायद्याच्या दृष्टीनें ट्रॅक्टर हें मोटार वाहनच होय. परंतु हा सक्तीचा विमा आपल्या वाहनामुळें दुसऱ्यास जी इजा वा नुकसान होईल तेवढ्यापुरताच असतो. आपला ट्रॅक्टर पुरांत बुडाला, पेंढ्याच्या उडवीबरोबर जळाला किंवा रात्रींतून चोरीस गेला, तर त्या कागदावर एक पैसाहि मिळत नाहीं. त्यांत ट्रॅक्टराची किंमत लिहिलेलीच नसते. रस्त्यावरील तपासणीस तो पुरेसा असतो, म्हणून पुष्कळांस तो सर्वच गोष्टींस पुरेसा वाटतो. ज्यांच्या घरीं असा कागद आहे त्यांनीं आपला ट्रॅक्टर विम्याविना उभा आहे असेंच समजावें.

२६ जुलै २००५ चा दिवस या भागांतील कोणी विसरणार नाहीं. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. इकडे उल्हास नदीनें आणि आपल्या कामवारीनें पात्रें सोडलीं, आणि खाडीकांठच्या व सखल गांवांत घरांत पाणी शिरलें. त्या पुरानंतर आमच्या परिचयाच्या दोघां शेजाऱ्यांचे ट्रॅक्टर एकाच पडवींत चिखलानें भरलेले आम्हीं पाहिले. पहिल्याचा कागद वर सांगितलेल्या जातीचा, म्हणजे तृतीय पक्षापुरता होता. त्यास कांहींच मिळालें नाहीं व पुढचे दोन हंगाम भाड्याच्या नांगरटीवर काढावे लागले. दुसऱ्याचा विमा पूर्ण होता. पण त्यांत किंमत लिहिली होती ती ट्रॅक्टराची नव्हे, तर बँकेच्या फिटावयाच्या उरलेल्या कर्जाची! ती ट्रॅक्टराच्या बाजारभावाच्या निम्मीहि नव्हती. भरपाई आली, ती बँकेच्या खात्यांत जमा झाली. आणि त्या गृहस्थाच्या हातीं सातबाऱ्यावरील बोजा उतरल्याचें समाधान तेवढें उरलें. दोघांपैकीं अधिक दुःखी कोण होता हें सांगणें कठीण आहे. आम्हांस वाटतें, दुसराच. त्यानें इतकीं वर्षें हप्ते भरले होते.

आतां योग्य किंमत म्हणजे कोणती तें पाहूं. मोटार वाहनाच्या विम्यांत जी रक्कम लिहितात तिला दलाल मंडळी आयडीव्ही म्हणतात. त्याचा सरळ अर्थ विमाधारकानें घोषित केलेलें मूल्य. नांवच सांगतें कीं, तें घोषित करणारा मालक आहे. दलाल, विक्रेता किंवा बँक नव्हे. २००२ च्या मोटार दरपत्रकानें तें काढण्याची रीत घालून दिली. पुढें १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांस मिळाली, तरी मूल्य काढण्याची रीत तीच चालत आली. रीत अशी: विमा सुरू होतांना वा नूतन करतांना त्याच बनावटीच्या नव्या वाहनाची उत्पादकाच्या यादींतील किंमत, करांसह परंतु नोंदणी व विम्याचा खर्च सोडून, घ्यावयाची, आणि तींतून वयाप्रमाणें घसारा वजा करावयाचा. सहा महिन्यांपर्यंत शेंकडा ५, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पांचपर्यंत ५०. पांच वर्षांहून जुन्या वाहनाची किंमत मालक व कंपनी यांच्या संमतीनें ठरते.

येथें वाचकांनीं एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. हिशेब आपण कितीस घेतला त्या जुन्या पावतीवरून नव्हे, तर आजच्या यादीच्या किंमतीवरून व्हावयाचा. भाव चढले असतील तर पावतीवरून काढलेला आकडा कमी पडतो. आणि भाव उतरले असतील तर तो फुगतो. भाव उतरण्याचें उदाहरण अगदीं ताजें आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरांवरील वस्तु व सेवा कर शेंकडा १२ वरून ५ वर आला. करापूर्वीं ८,००,००० रुपये किंमतीचा जो ट्रॅक्टर आधीं ८,९६,००० रुपयांस पडत असे, तो त्यानंतर ८,४०,००० रुपयांस पडूं लागला. अशा ट्रॅक्टराचें चौथें वर्ष चालूं असेल तर नव्या किंमतीवरून त्याचें मूल्य ५,०४,००० रुपये येतें.

समजा, या ट्रॅक्टराचा विमा दलालानें "काका, हप्ता कमी बसवून देतों" असें म्हणून ३,००,००० रुपयांचा लिहिला. नुकसानीच्या भागाचा दर शेंकडा एक धरला तर वर्षाला २,०४० रुपये वांचले. ट्रॅक्टर चोरीस गेला तर तोटा २,०४,००० रुपयांचा. एवढें कोणाच्याहि ध्यानांत येईल. परंतु खरें नुकसान याहून आडवळणानें येतें, आणि तें आम्हीं अनुभवी शेतकऱ्यांसहि समजावून सांगतांना पाहिलें आहे कीं प्रथम पटत नाहीं.

नियम असा आहे कीं, विमापत्राच्या अटींप्रमाणें दुरुस्तीचा खर्च लिहिलेल्या मूल्याच्या शेंकडा ७५ हून अधिक होत असेल तर वाहन संपूर्ण नष्ट झालें असें धरावयाचें. वरील ट्रॅक्टर ओढ्यांत उलटला आणि देय दुरुस्ती २,६०,००० रुपयांची निघाली असें समजा. मूल्य ५,०४,००० लिहिलें असतें तर शेंकडा ७५ ची मर्यादा ३,७८,००० वर येते. दुरुस्तीचा खर्च तिच्या आंत राहतो, कंपनी दुरुस्तीचे पैसे देते, आणि पांच लाखांचा ट्रॅक्टर आवणीच्या आधीं पुन्हा खाचरांत उतरतो. मूल्य ३,००,००० लिहिलें असेल तर मर्यादा २,२५,००० वर येते. खर्च तिच्यापलीकडे गेला! आतां कंपनी तीन लाख देऊं करणार, आणि ट्रॅक्टराचा सांगाडा तरी जाणार किंवा त्याची किंमत त्या तीन लाखांतून वजा होणार. दुरुस्त होण्याजोगें यंत्र केवळ कागदावरील एका आकड्यामुळें मोडींत निघालें. वर्षाला दोन हजार वांचविण्याचें हें फळ.

आकडा फुगवून लिहावा काय? तोहि शहाणपणा नव्हे. विमा हा झालेली झीज भरून काढण्याचा करार आहे, नफ्याचा नव्हे. तक्त्याबाहेरचें मूल्य कंपनी सहसा मान्य करीत नाहीं. आणि ट्रॅक्टराचें वर्ष वा बनावट चुकीची सांगून तें मान्य करून घेतलेंच, तर दाव्याच्या दिवशीं खोट्या माहितीचें कारण तिच्या हातीं आयतें जातें.

पांच वर्षांपुढील ट्रॅक्टर हा आपल्याकडील मोठा प्रश्न आहे. मुंबईचा मोटारवाला पांच-सात वर्षांत गाडी बदलतो. आपला ट्रॅक्टर पंधरा-पंधरा वर्षें राबतो. चांगल्या निगेचा आठ वर्षांचा ट्रॅक्टर बाजारांत दलालाच्या अंदाजाहून बऱ्याच अधिक किंमतीस जातो हें प्रत्येकास ठाऊक आहे. या वयांत मूल्य संमतीनें ठरावयाचें असल्यामुळें जो बोलत नाहीं त्याची संमति गृहीत धरली जाते. अशा वेळीं त्याच बनावटीच्या जुन्या ट्रॅक्टराची नुकतीच झालेली विक्री, विक्रेत्यानें अदलाबदलींत लेखी देऊं केलेली किंमत, नवे टायर वा इंजिनाचें मोठें काम यांच्या पावत्या आणि चारी बाजूंनीं काढलेलीं छायाचित्रें पुढें ठेवून आकडा मागावा. मागितल्यावर तो मिळतो, असा आमचा अनुभव आहे. न मागतां मिळाल्याचें उदाहरण आठवत नाहीं.

येथपर्यंत ट्रॅक्टराचें झालें. भात भरडण्याची गिरणी, स्थिर मळणीयंत्र, मोठे पंप, गवताचे गठ्ठे दाबण्याचें यंत्र यांचा विमा निराळ्या विमापत्रांखालीं उतरतो, आणि तेथें किंमतीचें माप अगदीं उलट असूं शकतें. यंत्र बिघाडाच्या विम्यांत लिहावयाची रक्कम ही त्याच जातीच्या व शक्तीच्या नव्या यंत्राची आजची किंमत, वाहतूक व बसवणीच्या खर्चासह, असावी लागते. यंत्र कितीहि जुनें असो. आगीच्या विम्यांत दोन प्रकार असतात: एकांत घसारा वजा जातां राहिलेली किंमत, दुसऱ्यांत नवें यंत्र आणून बसविण्याची किंमत. आपण कोणता प्रकार घेतला हें पाहूनच आकडा लिहावा.

आकडा कमी पडला तर या विम्यांत प्रमाणाचा नियम लागतो, ज्यास कंपन्या ॲव्हरेज म्हणतात. म्हणजे किंमतीच्या जितक्या हिश्शाचा विमा उतरविला तितकाच हिस्सा नुकसानीचाहि मिळावयाचा. उरलेल्या हिश्शाचे विमेदार आपणच. आमच्या पाहण्यांत अशी चूक फार येते कीं, गिरणीवाला हिशेबनीसाकडून वहींतील किंमत विचारून तीच विम्यांत लिहितो. दहा वर्षांपूर्वीं १०,००,००० रुपयांस घेतलेल्या यंत्रावर प्राप्तिकरासाठीं दर वर्षीं उरलेल्या किंमतीवर शेंकडा १५ घसारा टाकीत गेलें तर वहींत सुमारें १,९७,००० रुपये उरतात. तसलें नवें यंत्र आज १४,००,००० रुपयांस पडतें असें धरा. मोटार जळून एक लाखाचें नुकसान झालें तर या हिशेबानें हातीं सुमारें १४,००० रुपये येतील. गिरणीवाला कंपनीस दोष देईल, कंपनी कलम दाखवील. वहींतील घसारा हा कर भरण्याच्या सोयीचा आहे; आग त्या वहीकडे पाहून लागत नाहीं.

१ एप्रिल २०२१ पासून पांच कोटींपर्यंतच्या लहान उद्योगांसाठीं जो भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नांवाचा विमा सुरू झाला, त्यांत शेंकडा १५ पर्यंतची तूट माफ केली आहे. ही सवलत स्वागतार्ह आहे. परंतु पंधरा म्हणजे पंधरा. सत्तर-ऐशींची तूट तींत बसत नाहीं.

आपल्या शेजारींच पाहा. माणकोली, पूर्णा, काल्हेर या बाजूस जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांच्या भरावांनीं पाणी कोठें तुंबतें व कोणाच्या शेतांत शिरतें हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण व्यापाऱ्याकडून घेण्याजोगी एक गोष्ट आहे. गोदामांतील माल कमीजास्त होत असतो, म्हणून त्याची किंमत दरमहा कंपनीस कळविण्याचीहि एक पद्धत त्यांच्या विम्यांत आहे. तो किंमत महिन्याला पाहतो. आपण दहा वर्षांत एकदांहि नाहीं, आणि पूर दोघांच्याहि दारीं एकाच रात्रीं येतो.

अनुदानाविषयीं एक शब्द. कृषि यांत्रिकीकरणाच्या उपअभियानाखालीं २०१४-१५ पासून पॉवर टिलर, रोटाव्हेटर, भात लावणीचीं यंत्रें अनुदानावर आलीं. पुष्कळ बंधु अनुदान वजा जातां आपल्या पदरचें जें गेलें तेवढीच यंत्राची किंमत समजतात. हें चूक आहे. यंत्र गेलें तर दुकानदार पूर्ण किंमत मागणार, आणि त्याच यंत्रासाठीं सरकार दुसऱ्यांदा हात देईल असें धरून चालणें धाडसाचें आहे. विम्यांत पूर्ण किंमत धरावी.

बँकेच्या बाबतींतहि तसेंच. कर्ज फिटेपर्यंत भरपाई आधीं बँकेकडे जाते, ही अट रास्त आहे. परंतु बँकेस आपल्या कर्जापुरती काळजी, आपणांस संपूर्ण ट्रॅक्टराची. कर्ज दर वर्षीं कमी होतें म्हणून विम्याची रक्कमहि त्याबरोबर उतरूं देणें म्हणजे आपण फेडलेला हिस्सा उघड्यावर टाकणें होय. बँकेनें परस्पर हप्ता भरला असेल तर विमापत्राची प्रत मागून घ्यावी आणि आकडा पाहावा.

ट्रॉली व अवजारें यांचा विसर फार पडतो. ट्रॅक्टराच्या किंमतींत ट्रॉली आपोआप येत नाहीं. तिची किंमत वेगळी लिहून वेगळा हप्ता भरावा लागतो. रोटाव्हेटर, लोडर यांचेंहि तेंच. ज्याचा विमापत्रांत उल्लेख नाहीं त्याची भरपाई मागतां येत नाहीं. आणि आपल्या तालुक्यापुरती एक स्पष्ट गोष्ट लिहिणें आम्हांस भाग आहे. सुगी संपली कीं कितीतरी ट्रॅक्टर वीटभट्टीच्या माती-विटा भाड्यानें वाहूं लागतात. विमा शेतीच्या उपयोगाचा आणि काम भाड्याच्या वाहतुकीचें, अशा स्थितींत अपघात झाला तर अचूक लिहिलेला आकडाहि उपयोगी पडणार नाहीं. ज्यांस तें काम करावयाचें आहे त्यांनीं तसें सांगून तसाच विमा घ्यावा. हप्ता अधिक पडेल, पडूं द्यावा.

विमा कंपन्यांकडे आमची एक मागणी आहे. जीवनाचा विमा उतरवितांना माणसाचें वय, वजन, सवयी सर्व विचारतात. ट्रॅक्टराच्या वेळीं मालकास एक अक्षर न विचारतां आकडा छापून येतो. नव्याची किंमत किती धरली, घसारा किती वजा केला, आणि ट्रॉली धरली कीं नाहीं, या तीन ओळी मराठींत विमापत्राच्या पहिल्या पानावर छापण्यास कंपन्यांस फारसा खर्च येणार नाहीं. आणि आमच्यासारख्या संस्थांनींहि आपल्या कचेरींत चालू बनावटींच्या ट्रॅक्टरांच्या यादीच्या किंमती लावून ठेवाव्या, म्हणजे सभासदास दलालाच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं. याचा दोष सर्वस्वीं दुसऱ्यांवर टाकणें आम्हांस मान्य नाहीं; आम्हीं खतांचे भाव फळ्यावर लिहिले, हे कधीं लिहिले नाहींत.

दाव्यावरून वाद झाला तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करतां येते. त्यासाठीं आधीं कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. परंतु लोकपाल कंपनीस विमापत्राप्रमाणें वागावयास लावील. मालकानें स्वतः तीन लाख लिहून घेतले असतील तर त्याचे पांच तो करणार नाहीं. आकड्याचा वाद विमा उतरविण्याच्या दिवशींच करावयाचा असतो.

तो दिवस कोणता, याचीहि नोंद घ्यावी. आपल्याकडे ट्रॅक्टर बहुधा दसरा, पाडवा किंवा अक्षय्यतृतीया पाहून घेतला जातो, आणि विम्याची मुदतहि त्याच सुमारास संपते. दसरेवाल्यांची भाताची कापणी तोंडावर असते. पाडवा व अक्षय्यतृतीयेवाल्यांची मुदत संपते तेव्हां राब भाजण्याची व बांध घालण्याची घाई असते, आणि कागद "आवणी झाल्यावर पाहूं" म्हणून मागें पडतो. म्हणजे नेमका पुराच्या दिवसांत ट्रॅक्टर विम्याविना राहतो. अशांनीं मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधीं जुनें विमापत्र, नव्या ट्रॅक्टराचा भाव आणि ट्रॉलीची पावती घेऊन बसावें, आणि आकडा स्वतः लिहून मगच हप्ता भरावा.